भिंत नसलेला तुरुंग आणि शेवट असलेली गोष्ट

गोष्टी सांगणाऱ्यांच्या इतिहासात १९५५ हे साल विसरता येण्याजोगे नाही. त्या वर्षीच्या रामनवमीस, म्हणजे १ एप्रिल रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतरामायणा’चे पहिले गीत सुधीर फडके यांच्या संगीतात प्रसारित झाले आणि पुढे वर्षभर, दर आठवड्यास एक याप्रमाणे, छप्पन्न गीतांतून ती कथा घरोघर ऐकली गेली. त्याच वर्षी गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे, धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी पुस्तकरूपाने वाचकांच्या हाती आली. आणि त्याच वर्षी, २ ऑक्टोबरच्या रात्री, सात समुद्रांपलीकडे अमेरिकेतील सीबीएस या वाहिनीवर ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ या मालिकेचा पहिला भाग दिसला. अर्ध्या तासाच्या मुदतीत एक संपूर्ण गोष्ट सांगून शेवटच्या मिनिटाला प्रेक्षकाचा सारा अंदाज उलटा करणाऱ्या कथांचा जो एक संप्रदाय पुढे दूरचित्रवाणीवर रूढ झाला, त्याची खरी प्रतिष्ठापना त्या रात्री झाली.

या तीन घटनांतील दोन ज्या भावंडांच्या हातून घडल्या, ती दोघेही माणदेशाची, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याची. गदिमांचा जन्म शेटफळे गावी १ ऑक्टोबर १९१९ रोजी झाला, व्यंकटेश माडगूळकरांचा माडगुळे गावी १९२७ साली. त्यांना हिचकॉकची खबर असण्याचे कारण नव्हते आणि हिचकॉकला माणदेशाची असणे तर असंभवच; तरीही शेवटाचा प्रश्न, म्हणजे गोष्ट संपवावी कशी आणि संपताना ऐकणाऱ्याच्या मनात नेमके काय उलटे व्हावे हा प्रश्न, या तिघांनी तीन निरनिराळ्या रीतींनी सोडविला. तो कसा सोडविला हे पाहण्यासाठी प्रथम त्या अमेरिकी मालिकेकडे जरा सविस्तर गेले पाहिजे, कारण आपल्याकडे तिचे नाव पुष्कळांना ठाऊक असले तरी तिच्या घडणीचा विचार फारसा झालेला नाही.

पडद्यावर प्रथम एका स्थूल पुरुषाची चार-दोन रेषांत काढलेली बाह्याकृती दिसे. गुनो या फ्रेंच संगीतकाराची, कळसूत्री बाहुलीच्या प्रेतयात्रेसाठी रचलेली धून वाजे. आणि त्या आकृतीत स्वतः हिचकॉक चालत येऊन उभा राही. त्याची निवेदने जेम्स ॲलर्डाइस हा लेखक लिहून देई, मालिकेचा कारभार जोन हॅरिसन ही कर्तबगार निर्माती पाही, आणि अर्ध्या तासाच्या २६८ भागांपैकी केवळ १७ भागांचे दिग्दर्शन हिचकॉकने जातीने केले. १९६२ मध्ये मालिकेची मुदत तासाभराची झाली आणि १९६५ पर्यंत ती त्या रूपाने चालली. परंतु जाणकार ज्यांची आठवण काढतात ते भाग बहुतांशी अर्ध्या तासाचेच, आणि त्यास कारण आहे. जाहिराती वजा जाता हाती उरणाऱ्या सुमारे पंचवीस मिनिटांत उपकथानकाला जागा नसते, तिसऱ्या-चौथ्या पात्राचे लाड करता येत नाहीत, आणि लेखकाला आरंभापासून शेवटाकडेच पाहून चालावे लागते.

पहिल्या भागाचे नाव ‘रिव्हेंज’, म्हणजे सूड. एका तरुण स्त्रीवर तिच्या घरी कोणी अज्ञात इसम हल्ला करतो. ती धक्क्याने खचते. पोलिसांना धागा सापडत नाही. पती तिला मोटारीत घालून घेऊन जात असता ती रस्त्यावरील एका माणसाकडे बोट करून हाच तो असे सांगते. पती मागचापुढचा विचार न करता त्या माणसाच्या मागोमाग जातो आणि त्याचा प्राण घेतो. नंतर मोटार पुढे निघते, दुसरे गाव लागते, आणि ती स्त्री दुसऱ्याच एका माणसाकडे पाहून, त्याच स्वरात, हाच तो असे म्हणते. कथा तेथे संपते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तिचे मन ठिकाणावर नाही, ही वस्तुस्थिती लेखकाने आपल्यापासून एक क्षणही दडविलेली नव्हती. ती आपल्या डोळ्यांसमोर होती, आणि तरीही तिच्या बोटाला आपण पुरावा मानले, कारण सूड घेतला जावा अशी इच्छा पतीइतकीच आपलीही होती.

त्याच वर्षीच्या ‘ब्रेकडाउन’ या भागात जोसेफ कॉटन या नटाने एका कठोर काळजाच्या धनिकाचे काम केले आहे. जुन्या नोकराला तो दूरध्वनीवरून कामावरून काढून टाकतो, नोकर रडू लागतो, आणि हा त्या रडण्याचा तिटकारा करतो. अश्रू म्हणजे दुर्बलता असा त्याचा सिद्धांत. पुढे रस्त्याच्या कामावर लावलेल्या कैद्यांच्या टोळीपाशी त्याच्या मोटारीला अपघात होतो आणि त्याचे सर्वांग लुळे पडते. शुद्ध आहे, पण बोलता येत नाही, पापणी हालत नाही. लोक त्याला मृत समजतात. एक बोट तेवढे किंचित हालते, आणि त्या बोटाच्या भरवशावर तो रात्र काढतो, परंतु शवागारात नेताना तोच हात अंगाखाली दबला जातो. आता आशा संपली असे वाटत असता, पांघरूण घालण्यापूर्वी एकाला त्याच्या डोळ्यातून ओघळलेला अश्रू दिसतो. ज्या गोष्टीचा त्याने आयुष्यभर धिक्कार केला तिनेच त्याचे प्राण राखले. पंचवीस मिनिटांच्या कथेत याहून निर्दोष बांधणी मला अन्यत्र आढळलेली नाही. पहिल्या दोन मिनिटांत रडण्याचा उल्लेख येतो, शेवटच्या मिनिटात रडणे येते, आणि मधल्या सर्व वेळात लेखक आपले लक्ष एका बोटाकडे लावून ठेवतो.

रोआल्ड डाल या लेखकाच्या कथेवरून घेतलेला, १३ एप्रिल १९५८ रोजी प्रसारित झालेला ‘लँब टू द स्लॉटर’ हा भाग सर्वांत प्रसिद्ध आहे. पोलीस अधिकारी असलेला पती आपण घर सोडून जात आहोत असे गर्भवती पत्नीला कळवितो. ती हातात असलेल्या गोठलेल्या मांसाच्या तंगडीने त्याच्या डोक्यात प्रहार करते. ती तंगडी भट्टीत भाजावयास ठेवते. आणि तपासाला आलेले त्याचेच सहकारी, हत्यार कोठे असेल याची चर्चा करीत, ते मांस खातात. त्या काळी अमेरिकी दूरचित्रवाणीवर गुन्हेगार सुटला असे दाखविणे पुरस्कर्त्यांना मान्य नसे. म्हणून कथा संपल्यावर हिचकॉक पुन्हा येऊन गुन्हेगार अखेर सापडला असा दोन ओळींचा खुलासा करी. या बाईने दुसऱ्या पतीवर तोच प्रयोग केला, परंतु तो विसराळू असल्यामुळे शीतपेटी चालू करावयास विसरला होता, असे त्याने येथे सांगितले. हे निवेदन म्हणजे कायद्याच्या दप्तरात केलेली नोंद होती. प्रेक्षकाच्या मनातील निकाल कथेनेच दिलेला असे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आज मराठीत रहस्य, उत्कंठा, धक्का हे सर्व एकाच तराजूत टाकले जाते. फ्रांस्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ मध्ये हिचकॉकशी प्रदीर्घ संभाषण केले, आणि त्या संभाषणात हिचकॉकने टेबलाखालील बाँबचा दृष्टांत दिला. दोन माणसे गप्पा मारीत आहेत आणि अकस्मात स्फोट झाला, तर प्रेक्षक क्षणभर दचकेल. परंतु बाँब ठेवलेला प्रेक्षकाने आधी पाहिला असेल आणि तो अमुक वेळी फुटणार हेही त्यास ठाऊक असेल, तर त्याच रटाळ गप्पा ऐकताना तो मिनिटे मोजील. म्हणजे उत्कंठेचा आधार ज्ञान हा आहे, अज्ञान हा नव्हे. १९५७ च्या ‘वन मोअर माइल टू गो’ या भागात त्याने हेच करून दाखविले. पतीच्या हातून पत्नीचा खून झालेला आपण खिडकीबाहेरून पाहतो, शब्द ऐकू येत नाहीत. प्रेत मोटारीच्या मागील पेटीत ठेवले जाते. आणि वाटेत एक सज्जन पोलीस, मागचा दिवा बंद आहे एवढ्याच कारणासाठी, मोटार थांबवितो. त्याला मदत करावयाची आहे. आपल्याला सर्व काही माहीत आहे, आणि माहीत असल्यामुळेच श्वास अडकतो.

हे तत्त्व ज्या प्रजेने शेकडो वर्षे रामकथा ऐकली तिला नवे वाटण्याचे कारण नाही. ‘गीतरामायण’ ऐकावयास बसलेल्या एकाही श्रोत्याला कथेचा शेवट अज्ञात नव्हता. राम वनवासाला जाणार, सीतेचे हरण होणार, हे सर्वांस ठाऊक. तरीही पुढच्या आठवड्याची वाट पाहिली जाई. मंथरा कैकेयीच्या महालाकडे निघाली की कीर्तनाच्या मंडपात जो निःशब्दपणा पसरतो तो अज्ञानाचा नसतो, पूर्ण ज्ञानाचा असतो. आणि दैवाच्या उलट्या न्यायाचे याहून थोर उदाहरण कोणत्या मालिकेत सापडेल? दशरथ राजा निपुत्रिक आहे; त्याच्या बाणाने श्रावण मरतो; श्रावणाचा अंध पिता त्यास शाप देतो की तूही पुत्रशोकाने मरशील. शाप ऐकून राजा भयभीत व्हावा, परंतु पुत्रशोक व्हावयाचा तर आधी पुत्र व्हावा लागतो, आणि म्हणून तो शाप त्या क्षणी वरासारखा भासतो. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या नवव्या सर्गात ही जागा अचूक हेरली आहे. शाप देणारा खोटे बोलत नाही, ऐकणारा चुकीचे ऐकत नाही, आणि तरीही शब्दाचा पूर्ण अर्थ कळावयास राम वनात जावा लागतो. शेवटची ठिणगी आरंभीच्या वाक्यात पुरून ठेवण्याची ही विद्या आपल्या घरची आहे.

आता आटपाडीकडे वळू. हा मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. बहात्तर गावांचे, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले ते संस्थान. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, पुढील वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला, आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. प्रदेश माणगंगेच्या खोऱ्याचा आणि कायमच्या अवर्षणाचा. आता कालव्याचे पाणी आले आहे, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या आहेत, परंतु कार्तिकात उत्तरेश्वराच्या यात्रेला शेळ्यामेंढ्यांचा जो बाजार भरतो तो पाहिला म्हणजे ही भूमी मूळची कोणाची हे ध्यानात येते. येथे मृग लागला की ढग येतात, दाटतात, काळे होतात आणि पुढच्या मुलखात जाऊन पडतात. वर पाहत उभ्या असलेल्या माणसाला शेवट माहीत असतो. केव्हा, एवढेच माहीत नसते.

या एका तालुक्याने मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले: यवतमाळला १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर, अंबाजोगाईला १९८३ मध्ये व्यंकटेश माडगूळकर आणि लगेच १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात. खरातांचा जन्म आटपाडीचाच, १९२१ सालचा. तराळकीचे काम वाट्याला आलेल्या महाराच्या घरातील मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, ही ‘तराळ अंतराळ’ या त्यांच्या आत्मचरित्रातील हकिकत एखाद्या उथळ लेखकाच्या हाती पडती तर त्याने तिला नशिबाचा चमत्कार म्हटले असते. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दैवाने दिलेली कलाटणी आणि बाबासाहेबांच्या चळवळीतून, अभ्यासातून, अपमान गिळून स्वतः खेचून आणलेले परिवर्तन या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिलीत योगायोग असतो, दुसरीत कष्ट. दूरचित्रवाणीच्या कथाकारांनी हा फरक विसरू नये असे मला कळकळीने वाटते.

व्यंकटेश माडगूळकरांचे प्रकरण अधिक विचारणीय आहे. ना. सी. फडके यांनी कथेचे तंत्र शास्त्रासारखे मांडले होते. आकर्षक आरंभ, वाढती गुंतागुंत आणि चतुर शेवट हा त्या काळचा शिरस्ता झाला होता, आणि त्याच्या मुळाशी मोपासाँ व ओ. हेन्री यांचे वाचन होते. स्वातंत्र्याच्या आगेमागे गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर या चौघांनी जी नवकथा आणली तिने हा चतुर शेवट नाकारला. जीवन असे गाठ मारून संपत नाही, हा त्यांचा आक्षेप. आणि तो साधार होता, कारण त्या तंत्राच्या शेकडो नकलांत माणसे मेली होती व केवळ गाठी उरल्या होत्या. म्हणजे ज्या दशकात अमेरिकी दूरचित्रवाणी ओ. हेन्रीच्या वारशावर आपली सर्वोत्तम पंचवीस मिनिटे उभारीत होती, त्याच दशकात माणदेशातील हा लेखक तो वारसा बाजूला ठेवीत होता.

परंतु ‘बनगरवाडी’चा शेवट आठवून पाहावा. औंध संस्थानचा एक कोवळा मास्तर मेंढक्यांच्या वाडीत शाळा उघडावयास येतो. शाळा बंद पडलेली. मुले मेंढरांमागे जाणारी. आईबापांना अक्षरांचा उपयोग न कळणारा. वाडीचा वृद्ध कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो, हळूहळू मुले येऊ लागतात, वाडी मास्तरावर विश्वास टाकू लागते, सर्वांच्या श्रमाने तालमीची इमारत उभी राहते, आणि तिच्या उद्घाटनाला साक्षात राजेसाहेब येतात. येथपर्यंत आलेला वाचक आता सुफळ समाप्तीची अपेक्षा करतो. त्यानंतर पाऊस येत नाही. मेंढरे मरू लागतात, बिऱ्हाडे एकेक करून बाहेर पडतात, आणि ज्या मास्तराने शाळेत पोरे आणण्यासाठी जिवाचे रान केले त्याच्यापुढे रिकामी वाडी उरते. या शेवटात चतुराई कोठेही नाही. दुष्काळ ही गोष्ट पहिल्या पानापासून त्या मातीत होती, मेंढके पावसाच्या मागे हिंडणारे होते, हे आपण वाचीत आलो होतो. मास्तराच्या उत्साहाने आपल्याला ते विसरावयास लावले. ‘ब्रेकडाउन’मधील अश्रू आणि ‘बनगरवाडी’तील दुष्काळ यांची जात एक आहे. नवकथेने गाठ नाकारली, परंतु अटळतेने येणारी कलाटणी नाकारली नाही. १९९५ मध्ये अमोल पालेकर यांनी या कादंबरीवर चित्रपट केला, आणि त्याची पटकथा स्वतः माडगूळकरांनी लिहिली.

आटपाडी तालुक्यातील दुसरी एक गोष्ट मात्र कोणा लेखकाने रचलेली नाही. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि चित्रकलेचे रसिक म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु आपल्या हयातीत आपल्या हाताने प्रजेला राज्यकारभार सोपविणारा संस्थानिक ही त्यांची खरी ओळख होय. गांधीजींच्या मार्गदर्शनाने १९३९ मध्ये तेथे नवी राज्यघटना आली. त्या प्रयोगात मॉरिस फ्रिडमन हा पोलंडहून आलेला अभियंता, ज्यास भारतानंद म्हणत, मोठ्या निष्ठेने सामील झाला होता. त्याच सुमारास आटपाडीजवळच्या माळावर गंभीर गुन्ह्यांखाली शिक्षा झालेल्या कैद्यांची एक वसाहत उघडण्यात आली. भिंत नाही, बेडी नाही. कैद्यांनी शेती करावी, घर बांधून राहावे, बायकामुले जवळ आणावी. तिला स्वतंत्रपूर हे नाव दिले गेले. संस्थान गेले, राज्ये बदलली, जिल्ह्याचे नाव बदलले, परंतु स्वतंत्रपूरची खुली वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आजतागायत चालू आहे.

कथाकाराच्या दृष्टीने ही परिस्थिती कशी आहे हे पाहावे. समोर खुनाचे कैदी, रात्र अंधारी, माळ मोकळा, पहारा नाममात्र. कोणताही प्रेक्षक पुढचे वाक्य स्वतःच पूर्ण करील: ते पळणार. उत्कंठेचा सर्व साज येथे आयताच मांडलेला आहे, आणि कलाटणी अशी की ते पळत नाहीत. याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल, अमेरिकेत गोल्डन ग्लोबचा सन्मान आणि स्वदेशी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्यास लाभले. सहा खुनी, एक अधिकारी, एक ओसाड जमीन. पळून जावयास निघालेल्या त्या सहा जणांना आपल्या मागे दोन डोळे आहेत असा भास होतो आणि ते परत फिरतात, हा त्यातील प्रसंग उत्कंठापटाच्या सर्व नियमांनी बांधलेला आहे. फक्त त्याचा रोख उलट दिशेस आहे. अमेरिकी मालिकेत सभ्य चेहऱ्याच्या आत खुनी निघतो. येथे खुनी म्हणून शिक्का बसलेल्या चेहऱ्याच्या आत माणूस निघतो. शेवटी अधिकाऱ्याचा जीव जातो तो या सहा जणांच्या हातून नव्हे, तर स्वस्त भाजी विकल्यामुळे चिडलेल्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या कारस्थानातून. कोणापासून धोका आहे याविषयीचा आपला अंदाज किती पोकळ होता हे पडदा पडताना कळते. पहिल्या प्रकारची कलाटणी लिहिणे सोपे आहे, कारण माणसाविषयी वाईट कल्पना करावयास आपण नेहमीच तयार असतो. दुसऱ्या प्रकारची लिहावयास श्रद्धा लागते, आणि ती श्रद्धा प्रथम औंधच्या राजाने हुकूम काढून आचरली, मगच ती चित्रपटात आली.

शुद्ध रहस्यपटाशीही गदिमांचा संबंध आला. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटाची गीते त्यांची. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून घेतलेला हा चित्रपट राष्ट्रीय पारितोषिकास पात्र ठरला आणि दोन वर्षांनी हिंदीत ‘मेरा साया’ या नावाने पुन्हा निघाला. न्यायासनापुढे उभी असलेली स्त्री कोण, याचा निर्णय तेथे शेवटच्या रिळापर्यंत राखून ठेवला आहे, आणि तोही पुरावे लपवून ठेवलेला नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. माणदेशासारख्या भागात दूरचित्रवाणी खऱ्या अर्थाने पोहोचली ती ऐंशीच्या दशकात, जेव्हा जागोजाग लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. एका घरी किंवा ग्रामपंचायतीत संच, पत्र्यावर अँटेना, ती फिरवावयास वर चढलेला एक पोरगा आणि खाली अंगणभर गाव, हे चित्र त्या पिढीतील कोणीही सांगेल. कथा ऐन रंगात आली असता लाइट जाई. मग ‘फुडं काय झालं आसंल रं?’ या प्रश्नावर दुसऱ्या दिवशी पारावर जो खल होई त्यात जितकी तोंडे तितके शेवट निघत, आणि शेवट हा आधीच्या घटनांतून निघाला पाहिजे हे कोणी न शिकविताही प्रत्येकजण ‘तवाच त्यो आसं बोलला हुता’ अशी मागची साक्ष काढून आपला शेवट सिद्ध करीत असे. याहून चांगली कथाशाळा मला ठाऊक नाही.

त्या काळात दूरदर्शनने पूर्ण गोष्टीची कदर केली होती. सत्यजित राय यांच्या कथांवरून त्यांचे पुत्र संदीप राय यांनी केलेली मालिका १९८६ मध्ये आली. १९९३ मध्ये बासू चटर्जी यांचा ‘ब्योमकेश बक्षी’ आला. मराठीत रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांवरील ‘गहिरे पाणी’ ही मालिका या परंपरेतील मानाची. मतकरींच्या कथेत भूत असो वा नसो, भय मात्र माणसाच्या मनातूनच निघते आणि शेवटी त्याच मनाकडे परतते. ‘खेकडा’सारखी कथा वाचलेल्या माणसास हे वेगळे सांगावयास नको. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांच्या दिवाळी अंकांनी अशा कथांचा वाचक पिढ्यान्‌पिढ्या घडविला, आणि म्हणून हा विषय दिवाळी अंकात मांडताना मला परकेपणा वाटत नाही.

पुढे दैनंदिन मालिकांचे राज्य आले. त्यांत दर आठवड्यास कलाटणी असते: मेलेला परत येतो, सख्खा सावत्र ठरतो, स्मृती जाते आणि येते. परंतु ज्या कथेला शेवटच नाही तिच्यात कलाटणी संभवत नाही, हे कोणी लक्षात घेत नाही. कलाटणीने मागील सर्व घटनांचा अर्थ बदलावा लागतो; मालिकेतील धक्का मागील घटना रद्द करतो आणि पुढे चालू लागतो. प्रेक्षकाने लक्षपूर्वक पाहिले याचे बक्षीस त्यास मिळत नाही, उलट मागचे विसरला तरच त्याचे निभावते. मी हा दोष लेखकांच्या माथी मारीत नाही, कारण उद्याचा भाग लिहून देण्याच्या तगाद्यात शेवटाचा विचार करण्यास त्यांना सवडच दिली जात नाही. दोष पद्धतीचा आहे, आणि पद्धत बदलता येते.

म्हणून माझी विनंती सह्याद्री वाहिनीच्या आणि खासगी मराठी वाहिन्यांच्या कारभाऱ्यांना आहे. आठवड्यातून एक दिवस, अर्धा तास, एक पूर्ण गोष्ट: एवढीच जागा द्यावी. कथांचा साठा तयार आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकरराव खरात, शंकर पाटील, द. मा. मिरासदार, रत्नाकर मतकरी, नारायण धारप यांची पुस्तके ग्रंथालयांत आहेत, आणि एकेका पुस्तकात पंचवीस मिनिटांच्या चार-सहा गोष्टी सहज निघतील. चित्रीकरणासाठी मोठे वाडे आणि झुंबरे लागणार नाहीत. माणदेशाचा माळ, एक पार, एक रिकामी शाळा पुरेशी आहे. आणि वाचकांनी एवढे करावे की अशी एखादी गोष्ट दाखविली गेली, तर वाहिनीला पत्र लिहून कळवावे, आणि दाखविली गेली नाही तर दोन पत्रे लिहावी.